नवा लंगोट पाणी का पीत नाही?

बारशाच्या भेटींत हल्ली कापडी डायपरचा एखादा तरी संच असतोच. रंगीत, टिचबटणांचा, आत जाड मऊ पट्ट्या घातलेला. किंमत ऐकून आजीच्या भुवया वर जाव्यात असा. आई तो हौसेने पाकिटातून काढून बाळाला घालते आणि पाऊण तासात बाळाचं झबलं, खालचं दुपटं आणि गादीवरची चादर, तिन्ही ओली. मग आजी कपाटातून जुन्या धोतराचा फाडलेला, कडाही न शिवलेला चौकोन काढते, त्याची त्रिकोणी घडी घालते, आणि तो फुकटातला तुकडा निमूटपणे सगळं शोषून घेतो. हाही कापूस, तोही कापूस. मग नव्याला काय धाड भरली?

बहुतेक घरांत इथेच निकाल लागतो: ‘ही नवीन थेरं काही कामाची नाहीत’. संच माळ्यावर जातो. खरं तर त्या डायपरमध्ये खोट नसते, तो अजून तयार झालेला नसतो. धोतर मात्र बाळाच्या आजोबांनी वर्षानुवर्षं वापरून, धुऊन तयार करून ठेवलेलं असतं.

कापसावरचं मेण

कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवर वाढलेला एक केस. त्याचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग सेल्युलोजचा असतो आणि सेल्युलोज पाण्याला लगेच धरून ठेवतं. पण या केसावर झाड मेणाचा एक पातळ थर चढवतं. वजनात पाहिलं तर हे मेण एक टक्काही भरत नाही, पण असतं नेमकं बाहेरच्या बाजूला. अळवाच्या पानावर पाण्याचा थेंब जसा मोत्यासारखा गोल होऊन घरंगळतो, तसंच कोऱ्या कापडावर होतं, आणि कारणही एकच, पृष्ठभागावरचं मेण. आत पाण्यासाठी कितीही जागा असली तरी दारातूनच पाणी परत फिरतं.

त्यात भर खळीची. माग चालताना ताणाचे उभे धागे तुटू नयेत म्हणून त्यांना खळ लावतात. कापड गिरणीतून नीट प्रक्रिया होऊन आलं असेल तर ही खळ काढलेली असते आणि कॉस्टिक सोड्यात उकळून मेणही घालवलेलं असतं. पूर्वी परीट कपडे खारात भिजवून भट्टीला लावायचे, त्यामागचं रसायन हेच. मांजरपाटासारख्या कोऱ्या कापडावर ही प्रक्रिया झालेली नसते. गंमत अशी, की ज्या पाकिटावर ‘नैसर्गिक, ब्लीच न केलेला कापूस’ असं अभिमानाने छापलेलं असतं, त्यातल्याच पट्ट्या सुरुवातीला सगळ्यात कमी शोषतात. नैसर्गिक म्हणजे मेणासकट!

तिसरी गोष्ट विणीची. कोऱ्या कापडात धागे ताणून बसलेले असतात. गरम पाण्यात ते आखडतात, फुगतात, त्यांच्यामध्ये बारीक फटी तयार होतात आणि या फटींतूनच ओल एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पसरते. म्हणून लंगोट घरी शिवणार असाल तर कापड आधी धुऊन, आटवून मगच कापा, नाहीतर चौकोनाचा भलताच आकार होतो.

चमचाभर पाण्याची परीक्षा

नवी पट्टी टेबलावर सपाट पसरा. चमच्याने त्यावर थोडं पाणी सोडा, अगदी खालून, उंचावरून नव्हे. पाणी थेंबाच्या रूपात टम्म बसून राहिलं, बोटाने ढकलल्यावर सरकलं, तर मेण शाबूत आहे. कडा हळूहळू ओल्या होत थेंब बसत गेला, तर अर्धं काम झालं. पाणी टेकताक्षणी नाहीसं होऊन तिथे नुसता गडद डाग राहिला, की पट्टी तयार. किती वेळा धुवायचं याचे आकडे जो तो वेगळे सांगतो, पण ही परीक्षा घेतली तर त्या आकड्यांची गरज उरत नाही.

तरी अंदाज असावा. पांढऱ्या, ब्लीच केलेल्या सुती कापडाला दोन-तीन धुण्या पुरतात. कोऱ्या सुती आणि हेम्पच्या पट्ट्यांना पाच-सहा लागतात, आणि त्यानंतरही काही आठवडे त्यांची शोषणशक्ती वाढतच जाते. प्रत्येक धुणीला गरम पाणी आणि नेहमीची डिटर्जंट पावडर हवी. कापसाचं मेण सत्तर अंशांच्या पुढे वितळतं. म्हणून निव्वळ सुती चौकोन पातेल्यात घालून, चमचाभर धुण्याचा सोडा टाकून पंधरा-वीस मिनिटं उकळले तर काम झटपट होतं. उकळल्यावर पाणी पिवळसर, थोडं तेलकट दिसतं. ते पाहिलं की आजवर काय अडून बसलं होतं ते समजतं.

मायक्रोफायबरच्या पट्ट्यांचं तंत्र निराळं. ते मुळात प्लॅस्टिकचे तंतू. पाणी त्यांच्या आत शिरत नाही, तंतूंमधल्या फटींत अडकून राहतं. त्यामुळे एकदा धुतल्या की त्या तयार, पण दाबल्या की फटींतलं पाणी बाहेर. बाळ मांडीवर बसलं, झोळीत मुटकुळं करून निजलं, की गळती सुरू. शिवाय त्या त्वचेला थेट लावू नयेत, त्वचेचा ओलावाही ओढून घेऊन ती कोरडी करतात. ‘बांबू’ म्हणून विकलं जाणारं कापड बहुधा व्हिस्कोज असतं. ते छान शोषतं, पण ओलं असताना कमजोर होतं. सुताचं उलटं आहे, कापूस ओला झाला की अधिक मजबूत होतो. धुण्याच्या दगडावर आपटून, ब्रशने घासून सुती लंगोट वर्षभर टिकतो; बांबूची पट्टी मात्र तशी वागवली तर लवकरच जाळीदार होते.

बाहेरचं रंगीत आवरण म्हणजे पॉलिएस्टरच्या कापडावर चिकटवलेला पॉलियुरेथेनचा पातळ पडदा. त्याला पहिल्यांदा एकदाच साधं धुवावं. उकळलं किंवा वारंवार साठ अंशांच्या वर नेलं, तर पडदा सुटतो आणि मग ते आवरण गाळणीच्या लायकीचंही राहत नाही.

*चौकट : वापरण्यापूर्वी*
*सुती आणि हेम्पच्या पट्ट्या पहिल्या धुणीला वेगळ्या धुवा; त्यांच्यातून निघालेलं मेण मायक्रोफायबर आणि आवरणांवर बसतं. प्रत्येक धुणीनंतर पूर्ण वाळवून चमच्याची परीक्षा घ्या. फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको; तो धाग्यावर स्निग्ध थर चढवतो, म्हणजे जे काढायला एवढा खटाटोप केला तेच परत आणतो.*

न धुता वापरलं तर?

गळतं म्हणून धुवायचं हे झालंच, पण कोरं कापड बाळाच्या अंगाला न लावण्यामागे याहून गंभीर कारण आहे आणि त्याला इतिहास आहे. 1886 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये रेनर नावाच्या डॉक्टरांनी एक हकिकत लिहिली. इस्पितळात जन्मलेल्या बाळांचे ओठ आणि कातडी एकाएकी निळी पडू लागली होती. शोधता शोधता माग लागला नव्या लंगोटांवरच्या शिक्क्यांपर्यंत. शिक्क्याच्या शाईत अ‍ॅनिलीन होतं. लंगोट न धुताच वापरात आले होते. ओल आणि अंगाची ऊब मिळाल्यावर अ‍ॅनिलीन नाजूक कातडीतून रक्तात उतरलं आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनचं असं रूप झालं, की त्याला प्राणवायू वाहता येईना. शिक्का मारल्यावर कापड आधी धुऊन उकळून घेतलं की हा धोका टळतो, हेही पुढे कळलं.

आजच्या रंगांत आणि शायांत तसं काही असेलच असं नाही. पण कापडावर गिरणीत काय काय लावलं आहे हे पाकिटावर लिहिलेलं नसतं, आणि लंगोट ही अशी वस्तू आहे जी ओली, गरम आणि बांधलेली अशा तिन्ही अवस्थांत तासन्‌तास कातडीला चिकटून असते. बाळंतपणात नवं कापड टाळून मऊ जुनेर वापरायची आपल्याकडची रीत मला म्हणूनच निव्वळ काटकसरीची वाटत नाही.

शू, युरिया आणि झोंबणारा वास

ताज्या शूला फारसा वास नसतो. रात्रभर बादलीत पडलेल्या लंगोटाचं झाकण सकाळी उघडलं की मात्र डोळ्यांतून पाणी येतं. मधल्या वेळात काय घडतं?

लघवीत युरिया असतो. शेतात गोणीतून टाकतात तोच युरिया. ओल्या मातीत पडलेल्या युरियाचं जिवाणू जे करतात, तेच लंगोटातले जिवाणू करतात. युरिएज नावाचं विकर वापरून ते त्याचे तुकडे करतात, अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड. युरिया जमिनीवर नुसता पसरून ठेवला की नत्र हवेत उडून जातं अशी शेतकऱ्याची तक्रार असते. आपली तक्रार ते नाकात जातं ही.

1921 मध्ये अमेरिकेतले डॉक्टर जे. व्ही. कुक यांनी असा अमोनिया बनवणारा एक जंतू शोधून काढला आणि बाळाच्या लालबुंद झालेल्या जागेचं खापर अमोनियावर फोडलं. बरीच वर्षं तसंच मानलं गेलं. 1980 च्या दशकातल्या संशोधनाने गोष्ट अधिक नेमकी केली. निरोगी कातडीला अमोनिया एकटा फारसं काही करत नाही. पण त्याच्यामुळे कातडीची नैसर्गिक आम्लता जाते, आणि शीमध्ये असलेली, प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ पचवणारी विकरं अशा वातावरणात जोमाने काम करू लागतात. मग ती कातडीलाच पचवू लागतात. शी आणि शू एकत्र फार वेळ राहिली की रॅश येतो, तो यामुळे.

यावरून धुण्याचे दोन नियम आपोआप निघतात. लंगोट फार वेळ अंगावर ठेवायचा नाही, आणि उतरवल्यावर बादलीभर पाण्यात भिजत घालायचा नाही. भिजत घालणं आपल्या अंगवळणी पडलेलं आहे, पण कोमट पाण्यात युरिया आणि जिवाणू एकत्र ठेवणं म्हणजे अमोनियाचा कारखाना चालवणं. शूचे लंगोट लगेच साध्या पाण्याने खळबळून, पिळून, जाळीच्या टोपलीत हवेशीर ठेवावेत आणि फार तर दोन-तीन दिवसांत धुवावेत. पावसाळ्यात रोजच्या रोज.

आधी गार, मग गरम

शीच्या लंगोटाला पहिलं पाणी गारच हवं. शीमध्ये प्रथिनं असतात, थेट कडकडीत पाणी ओतलं तर ती गोठून धाग्यात बसतात आणि डाग पक्का होतो. नुसत्या आईच्या दुधावर असलेल्या बाळाची शी गार पाण्यातच सुटून जाते. सहा महिन्यांनंतर वरचं सुरू झालं, की आधी ती संडासात झटकून, नळाखाली धरून काढावी लागते. संडासातल्या छोट्या हातनळीचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

मग गरम पाणी आणि पावडर. पावडरीचा रेणू दोन तोंडांचा असतो, एक पाण्याशी सलगी करणारं, दुसरं तेलाशी. तेलाकडचं तोंड मळात रुततं, पाण्याकडचं बाहेर राहतं आणि मळ धाग्यापासून सुटून पाण्यात तरंगू लागतो. तो तरंगता ठेवायला पुरेशी पावडर लागते. बाळाचे कपडे म्हणून चिमूटभर पावडर घालणं ही माया झाली, धुणं नव्हे. सुटलेला मळ परत कापडावर बसतो आणि वास राहतो. काळजी पावडर घालताना नव्हे, ती काढताना घ्यायची. दोन पाण्यातून, गरज पडली तर तीन पाण्यातून काढा. शेवटच्या पाण्यात हात फिरवल्यावर फेस येत असेल तर अजून एक पाणी हवं. फ्रंट लोड मशीन पाणी जपून वापरतं, म्हणून त्यात जादा पाण्याचं बटण दाबावं. मशीन गच्च भरू नये. कपडे एकमेकांवर घासले गेले तरच ते निघतात.

रिठ्याबद्दल हमखास विचारलं जातं. रिठ्याला फेस येतो, तो सौम्यही आहे, पण रेशमी साडीला जे पुरतं ते शीच्या लंगोटाला पुरत नाही. शेवटच्या पाण्यात जंतुनाशक ओतायची सवयही सोडावी. ते कापडात राहतं आणि पुढच्या शूबरोबर कातडीला लागतं.

जड पाणी आणि मालिशचं तेल

नीट तयार केलेले लंगोट तीन-चार महिन्यांनी पुन्हा गळू लागतात, तेव्हा संशयित दोनच.

पहिला म्हणजे पाणी. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, बादलीच्या कडेला पांढरी पुटं चढतात, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त. पुण्यासारख्या ठिकाणी धरणाचं पाणी हलकं, पण त्याच सोसायटीत उन्हाळ्यात बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी आलं की धुण्याचं गणित बदलतं. वडीचा साबण या क्षारांशी मिळून चिकट, न विरघळणारी साय बनवतो. ती धाग्यावर बसली की मेणाचीच आवृत्ती. पावडरीला हा त्रास कमी होतो, पण तिचाही काही भाग क्षारांशी झुंजण्यात खर्ची पडतो. म्हणून जड पाण्यात आधी एक-दोन चमचे धुण्याचा सोडा टाकावा. तो कॅल्शियमला खडूच्या रूपात बाजूला काढतो. खाण्याचा सोडा या कामाला फार कमजोर. धुण्याचा सोडा हाताला झोंबतो, म्हणून त्यानंतर कपडे स्वच्छ पाण्यातून काढणं आलंच.

दुसरा संशयित आपल्या प्रेमातला. रोजची मालिश झाली, तेल चोपडलेलं बाळ लगेच लंगोटात बांधलं, की तेल कापडात. मायक्रोफायबरला तर तेलाची विशेष ओढ. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखाली गोठतं, हे थंडीत बाटली पाहून आपल्याला ठाऊक असतं. गार पाण्याने धुतलेल्या लंगोटातही ते तसंच गोठून राहतं. मालिश अंघोळीआधी करा, अंग पुसून मग लंगोट बांधा. मलम लावायचंच असेल तर मध्ये जुन्या मलमलीचा एक तुकडा घाला. आणि कापड तेलकट झालंच असेल तर गरम पाणी, पुरेशी पावडर, सोडा, आणि मग पुन्हा चमच्याची परीक्षा.

पिवळा डाग आणि ऊन

धुऊनही पिवळी छटा राहते. ही छटा बिलिरुबिनची. जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की ते तयार होतं आणि पित्ताबरोबर आतड्यात येतं. मोठ्यांच्या आतड्यातले जिवाणू त्याचं तपकिरी द्रव्य करतात. अंगावर पिणाऱ्या तान्ह्याच्या पोटात तो कारभार अजून बसलेला नसतो, म्हणून शी पिवळी.

बिलिरुबिनचं एक मर्म 1956 मध्ये इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या इस्पितळात उघड झालं. तिथल्या सिस्टर वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांना उन्हाळ्यात अंगणात नेत. एकदा त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवलं. सगळं अंग उजळलेलं, फक्त चादरीचं टोक जिथे पडलं होतं तेवढा त्रिकोण पिवळाजर्द. पुढे रक्ताची एक नळी उन्हात राहिली आणि तिच्यातलंही बिलिरुबिन घटलेलं आढळलं. यातून 1958 मध्ये प्रकाशोपचाराचा शोधनिबंध आला. काविळीच्या बाळांना आज निळ्या दिव्याखाली ठेवतात तो हाच उपचार. निळा प्रकाश बिलिरुबिनच्या रेणूचं रूप बदलतो, काहींचे तर रंगहीन तुकडे होतात.

तेच दोरीवर घडतं. ओलसर लंगोट डागाची बाजू वर करून उन्हात घातला की दुपारपर्यंत पिवळेपणा विरतो. निळा प्रकाश काचेतून येतो, त्यामुळे बंद बाल्कनीतही हे जमतं, जरा उशिरा. बाळाची कावीळ मात्र उन्हात धरून बरी करायला जाऊ नये, तिथे डॉक्टरच हवेत.

पावसाळा आणि ट्रंक

पावसाळ्यात अडचण उन्हाची नसून हवेची असते. हवा आधीच वाफेने भरलेली, मग कापडातली वाफ जाणार कुठे? पूर्वी बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर टोपली उपडी घालून त्यावर लंगोट वाळवत, ते हवा गरम करून तिची वाफ धरण्याची ताकद वाढवायलाच. आज मशीनमध्ये दोनदा पिळून पंख्याखाली पसरलं तरी चालतं. एकपदरी सुती चौकोन इथे बाजी मारतो. जाड शिवलेली पट्टी दोन दिवस आतून ओली राहते आणि कुबट वास धरते. नव्याने सुरुवात करणाऱ्याने निम्मे तरी साधे चौकोन घ्यावेत असं माझं मत आहे.

बाळ मोठं झालं की लंगोट ट्रंकेत जातात, पुढच्या भावंडासाठी. त्यात डांबरगोळ्या टाकू नका. डांबरगोळी म्हणजे नॅप्थलीन. ते कापडात मुरतं आणि तेल लावलेल्या कातडीतून आणखी सहज अंगात जातं. जी6पीडी नावाचं विकर जन्मतः कमी असलेल्या बाळांत यामुळे तांबड्या पेशी फुटतात आणि तीव्र कावीळ होते. डांबरगोळ्यांत ठेवलेल्या लंगोटांमुळे असं झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. आपल्या बाळात ते विकर कमी आहे की नाही हे पहिल्या आठवड्यात घरच्यांना बहुधा माहीत नसतं. शिवाय सुताला डांबरगोळीची गरजही नाही. कसर लागते ती लोकरीला आणि रेशमाला, कारण तिच्या अळीला प्राणिज तंतूंतलं प्रथिन हवं असतं. स्वच्छ धुतलेला, खळ न घातलेला, कडकडीत वाळवलेला सुती लंगोट स्टीलच्या डब्यात घट्ट झाकणाखाली वर्षानुवर्षं राहतो. त्याच ट्रंकेत लोकरीची टोपडी आणि स्वेटर असतील तर ते वेगळे काढा, आणि पूर्वीच गोळ्या टाकलेले लंगोट हाती आले तर वास पूर्ण जाईपर्यंत अनेक दिवस उन्हावाऱ्यात ठेवून, गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुवा. तरीही वास येत राहिला तर त्यांचं फरशी पुसायचं फडकं करा.